एका हाताने उघडेल अशी बाळाची बॅग

दुकानात आपण बॅग दोन्ही हातांनी उघडून बघतो. घरी आल्यावर मात्र ती कायम एकाच हाताने उघडायची असते, कारण दुसरा हात बाळात अडकलेला असतो. खरेदीला जाताना एवढं लक्षात ठेवलं तरी समोर मांडलेल्या निम्म्या बॅगा बाद होतात.

आधी सामान काढा, मग बॅग बघा. तीन-चार तास बाहेर राहायचं तर दर 2-3 तासांना एक डायपर आणि वर दोन जादा, म्हणजे चार धरा. कापडी लंगोट वापरत असाल तर आकडा दुप्पट करा. शिवाय वाइप्सचं पाकीट, मेणकापड, दोन झबली, दोन दुपटी, टोपडं, वाटी-चमचा, थर्मास, लसीकरणाचं कार्ड. आणि आईसाठी एक जादा कुडता. तो हमखास राहतो आणि नेमका त्याच दिवशी लागतो. हे सगळं एका पिशवीत भरून दुकानात न्या आणि आवडलेल्या बॅगेत रचून बघा. बॅगेत कोंबलेले कागदी बोळे आधी काढायला सांगा.

एवढ्याला 15 ते 20 लिटरची बॅग पुरते. टॅगवर लिटर नसतील तर लांबी, जाडी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि 1000 ने भागा: 28 × 16 × 38 म्हणजे साधारण 17 लिटर. 25 लिटरच्या पुढे जाऊ नका. जागा असली की ती भरतेच, आणि मग खांदा बोलायला लागतो. रिकामी बॅग पाऊण किलोच्या आत हवी.

आता उघडण्याची परीक्षा. सामान भरलेली बॅग जमिनीवर ठेवा, एक हात पाठीमागे घ्या आणि चेन ओढा. चेनबरोबर बॅगही ओढली जात असेल, तर अंग फार लुळं आहे किंवा चेन अडकते आहे. तोंडाला आतून तारेची चौकट असलेली बॅग सर्वांत सोयीची: एकदा उघडली की उघडीच राहते आणि तळापर्यंत दिसतं. अस्तर फिकट रंगाचं हवं. काळ्या अस्तरात टोपडं सापडत नाही आणि सांडलेलं दूधही दिसत नाही. चेनच्या रनरच्या पाठीवर बहुधा आकडा कोरलेला असतो. मुख्य कप्प्याला 5 किंवा 8 नंबरची चेन घ्या. तीनची बारीक चेन कोपऱ्यावरच्या वळणात ताणली जाते, रनर फाकतो आणि मागचे दात उघडे पडतात. रनर बदलून मिळतो, पण लुळ्या बॅगेत तो पुन्हा फाकणार.

एका खांद्याची की पाठीवरची? पुण्यात दुचाकीवरून फिरणार असाल तर पाठीवरचीच. मागे बसलेल्या बाईच्या कुशीत बाळ असतं, आणि एका खांद्यावरचा पट्टा प्रत्येक स्पीडब्रेकरला घसरून कोपरापर्यंत येतो. मात्र उंची 40 सेंमीच्या आत ठेवा. त्याहून उंच बॅग सीटमागच्या दांडीवर टेकते आणि पट्टे खांद्यावरून वर सरकतात. पट्ट्यांची लोंबणारी टोकं गुंडाळून टाका घालून घ्या, ती चाकात जाऊ शकतात. वरची मूठ जिथे शिवली आहे तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण बघा. नुसत्या एका सरळ टाक्यावरची मूठ स्कूटरच्या हुकाला लटकवून लटकवून उसवते. रिक्षात किंवा बसमध्ये बॅग पायाशी ठेवावी लागते, म्हणून तळ सपाट हवा. प्रॅमला अडकवायचे हुक फुकट मिळाले तर घ्या, त्यासाठी जादा पैसे मोजू नका. आपल्या फुटपाथवर प्रॅम चालवून दाखवणारा विरळाच, आणि बाळ उचललं की भरलेल्या बॅगेच्या वजनाने प्रॅम मागे उलटते.

सर्वांत जास्त गैरसमज दुधाच्या चंदेरी कप्प्याबद्दल. तो काही थंड करत नाही, आतलं तापमान फक्त हळू बदलू देतो. काढलेलं आईचं दूध 25 अंशांपर्यंत 4 तास टिकतं. पुण्यातल्या एप्रिल-मेच्या दुपारी तो हिशेब धरू नका. गोठवलेले आइस पॅक लावून बंद कप्प्यात ठेवलं तर 24 तासांपर्यंत चालतं. पावडरचं दूध तयार करून नेण्यापेक्षा पावडर कोरड्या डबीत मोजून आणि पाणी थर्मासात न्या. पावडर मिसळताना पाणी किमान 70 अंश हवं. मग कोमट करून पाजा आणि दोन तासांत न संपलेलं ओतून द्या. कप्प्याच्या कोपऱ्यात बोट घालून बघा. सुईची भोकं हाताला लागली तर सांडलेलं दूध आतल्या फोममध्ये जिरणार, आणि तो आंबूस वास कितीही धुतला तरी निघत नाही.

कप्पे चार-पाच बस. त्यातला एक ओल्या, खराब कपड्यांसाठी, शक्यतो सुटा निघणारा. वापरलेला डायपर त्यात तसाच टाकू नका. वर्तमानपत्राचे दोन कागद बॅगेत ठेवा, त्यात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा आणि कचरा वेचायला येणाऱ्यांकडे वेगळा द्या. आत काय आहे ते त्यांना न उघडता कळतं.

रेक्झिन दिसतं छान, पण घडीवर तडकतं आणि पापुद्रे सुटतात. जाड पॉलिस्टर घ्या, आतून लेप दिलेलं. अंगठ्याने घासल्यावर लेपाची भुकटी पडली तर बॅग जुन्या मालातली आहे. लेप असला तरी पावसाचं पाणी शिवणीतून आणि चेनमधून येतंच, त्यामुळे जून ते सप्टेंबर वरून रेनकव्हर हवं आणि कपडे आत प्लास्टिकच्या पिशवीत. मशीनला लावल्यास लेप लवकर जातो. गार पाण्यात हाताने धुवा आणि उघडी, उलटी टांगून सावलीत वाळवा.

तुळशीबाग असो की लक्ष्मी रोड, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी गल्ल्यामागे असतेच. तेव्हा प्रत्येक चेन, प्रत्येक बक्कल, भरलेल्या बॅगेची मूठ, सगळं बिल फाडायच्या आधी ओढून बघा.