बांगडा सोडला आणि मोरी आणली? पाऱ्याच्या बाबतीत या चुका टाळा

मासे घेताना आपण गालफड उचलून कल्ले लाल आहेत का बघतो, बोटाने दाबून बघतो. ताजेपणासाठी ते बरोबरच, पण पाऱ्याचा त्यातून काही पत्ता लागत नाही. पाण्यातले जिवाणू पाऱ्याचं मिथिलमर्क्युरी हे विषारी संयुग करतात. ते प्लवकांतून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतून, छोट्या माशांत आणि छोट्यांना खाणाऱ्या मोठ्यांत साठत जातं. त्याला ना वास, ना चव. म्हणून कोळणीला भाव विचारण्याआधी स्वतःला विचारा: हा मासा केवढा वाढतो, किती वर्षं जगतो, खातो काय?

सगळ्यात मोठी चूक मायेपोटी होते. दूध वाढतं म्हणून कोकणात बाळंतिणीला मोरी, म्हणजे मुशी, आवर्जून खाऊ घालतात. गरोदरपणीही ताटात येते. मोरी म्हणजे शार्क: शिकारी, सावकाश वाढणारा, बरीच वर्षं जगणारा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या आकडेवारीत शार्कमध्ये किलोमागे सरासरी ०.९८ मिलिग्रॅम पारा आहे, सार्डिनमध्ये (आपली तारली) ०.०१३. म्हणजे सुमारे ७५ पट! आपल्या बाजारातली हातभर मोरी त्या मानाने लहान, तिच्यात कमी असू शकेल. पण हा पारा नाळेतून बाळापर्यंत सहज पोचतो, दुधातूनही थोडा उतरतो. बाळाचा मेंदू घडत असताना हा जुगार कशाला? सासूबाईंचं मन मोडायचं नसेल तर ‘आज मांदेलीचं कालवण करू या का?’ म्हणून बघा.

दुसरा घोळ नावाचा. बांगड्याला इंग्रजीत मॅकरेल म्हणतात, म्हणून परदेशी यादीत ‘किंग मॅकरेल टाळा’ असं वाचून काहीजण बांगडा बंद करतात. किंग मॅकरेल अटलांटिकमधला, सुरमईचा भाऊबंद. आपला वीतभर बांगडा प्लवकांवर जगतो, खुशाल खा. जपायचं ते सुरमईला: दुबई-अमेरिकेत ती ‘किंगफिश’ म्हणून मिळते. गरोदरपणात मोठ्या सुरमईच्या जाड तुकड्या नकोत. लहान सुरमई, तीही कधीतरी.

पोटाकडची चरबी काढली, कोकम लावलं, खरपूस तळलं म्हणून पारा जात नाही. तो चरबीत नसतो, मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो.

डबाबंद ट्यूना घेताना ‘लाइट’ घ्या. ‘अल्बाकोर’ या जातीच्या ट्यूनामध्ये त्याच्या जवळजवळ तिप्पट पारा असतो.

आणि या भीतीने मासेच सोडून देणं, ही तर उलटी चूक. कमी पाऱ्याचे मासे गरोदर बाईने आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅम खावेत, असा त्याच प्रशासनाचा सल्ला आहे. तारली, बांगडा, मांदेली, कोळंबी; खिशालाही बरे. फक्त पथ्य दिवस गेल्यावर सुरू करू नका. अंगातला पारा निम्मा व्हायलाच साधारण ५० दिवस लागतात, तेव्हा मोरी आणि मोठा कुपा (ट्यूना) त्याआधी काही महिने बंद केलेला बरा.