खेळ विकत घेण्याआधी खेळून बघा: घरच्या कन्सोलवर डेमो कसे लावावेत

बाजारात बांगडा घेताना आमची आई आधी कल्ला उघडून बघते. लाल दिसला तर भाव विचारायचा, नाहीतर पुढच्या टोपलीकडे. कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राचा, खेळ घेतानाही तेवढी खात्री करून घ्यावी. प्लेस्टेशन ५ चा नवा मोठा खेळ ४,९९९ रुपयांच्या घरात जातो, आणि कन्सोलच्या ऑनलाइन स्टोअरवरून डाउनलोड केलेला खेळ नंतर कुणाला विकता येत नाही. प्लेस्टेशन स्टोअरच्या नियमाप्रमाणे १४ दिवसांत पैसे परत मागता येतात, पण डाउनलोड सुरू केलं नसेल तरच. एकदा सुरू केलं की खेळात दोष निघाल्याशिवाय पैसे परत नाहीत. म्हणजे चाखायचं ते आधीच. डेमो, म्हणजे खेळाचे फुकट नमुने, त्यासाठीच असतात, आणि आपल्याकडचे बरेच जण तिकडे बघतच नाहीत.

मी वेंगुर्ल्याजवळ राहतो. मे महिन्यात आणि गणपतीत बहिणीची मुलं मुंबईहून येतात, तेव्हा माजघरातला टीव्ही त्यांचाच असतो. खाली सांगितलेलं बहुतेक सगळं त्या सुट्ट्यांमध्ये करून बघितलेलं आहे.

आधी घरचं नेट बघा

डेमो फुकट असतो, डेटा नसतो. स्टोअरवर आकार जीबीत, म्हणजे गिगाबाइटमध्ये, दिसतो आणि नेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात. आठ बिटांचा एक बाइट. त्या हिशेबाने ४० एमबीपीएसच्या लाइनवर १० जीबीला निदान ३३ मिनिटं लागतात, ४० जीबीला सव्वादोन तास आणि १०० जीबीला साडेपाच तास. प्रत्यक्षात थोडा जास्तच वेळ धरा.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कन्सोल जोडायचा असेल तर फार जपून. रोजच्या २ जीबीच्या प्लॅनमध्ये कोटा संपला की वेग बहुधा ६४ केबीपीएसवर येतो, आणि त्या वेगाने एक जीबी यायला जवळजवळ ३५ तास लागतात. एका मे महिन्यात भाच्याने सकाळी उठून एक डेमो बहिणीच्या फोनवरून लावला. नऊ वाजता तिची ऑफिसची मीटिंग होती आणि फोनवर साधा मेसेजही जाईना. शेवटी ती छत्री डोक्यावर धरून उन्हातून शेजारच्या काकांकडे गेली. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: फायबर चालू असेल तरच डाउनलोड, आणि लावण्याआधी आकार मोठ्याने वाचून दाखवायचा.

फायबर असूनही खेळ मुंगीच्या पावलाने येत असेल तर भिंत बघा. आमच्या घराच्या भिंती जांभ्याच्या, दीड फूट जाडीच्या. राउटर ओटीवर, टीव्ही माजघरात. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान खरा, पण जाड भिंतीपुढे तो लवकर मान टाकतो, २.४ चा पोचतो, पण त्याचा वेग कमी. कन्सोलच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये इंटरनेट कनेक्शन टेस्ट करायची सोय असते. तिथे मला ६ एमबीपीएस दिसत होते. वीस मीटरची लॅन केबल आणून वाशांवरून नेली आणि कन्सोलला जोडली, तर त्याच संध्याकाळी ३७. नवा राउटर घेण्याआधी हे करून बघा, फार स्वस्तात काम होतं.

दिवसभर घरात नेट लागतं, म्हणून मोठं डाउनलोड रात्री लावावं. प्लेस्टेशन ५ वर सेटिंग्जमधल्या पॉवर सेव्हिंगमध्ये जाऊन रेस्ट मोडमध्ये, म्हणजे कन्सोल झोपलेला असताना, इंटरनेट चालू ठेवण्याचा पर्याय सुरू करा. एक्सबॉक्सवर पूर्ण शटडाउनऐवजी स्लीप निवडा. लाइट गेली तर घाबरू नका, डाउनलोड साधारणपणे थांबलं होतं तिथूनच पुढे जातं. मात्र जूनमध्ये विजा कडाडायला लागल्या की टीव्ही, कन्सोल आणि राउटर तिघांच्याही पिना काढा, आणि लॅन केबलही. विजेचा धक्का त्या तारेतूनही आत येतो.

डेमो कुठला, ट्रायल कुठली

स्टोअरमध्ये फुकट दिसणाऱ्या गोष्टी तीन प्रकारच्या असतात. त्या सारख्या नाहीत.

डेमो म्हणजे खेळाचा कापून दिलेला तुकडा: पहिला भाग, एखादी पातळी, किंवा ठराविक वेळ. स्टोअरमध्ये खेळाचं नाव शोधा, त्याच्या पानावर जा आणि किमतीच्या बटणाशेजारचे बाकीचे पर्याय उघडून बघा. डेमो असेल तर तिथे ‘डाउनलोड डेमो’ दिसतं. सर्चमध्ये नुसतं ‘डेमो’ टाकूनही बरेच सापडतात. प्रत्येक खेळाचा डेमो नसतो. एक्सबॉक्स ३६० च्या काळात त्यांच्या आर्केड विभागातल्या प्रत्येक खेळाला फुकट ट्रायल देणं बंधनकारक होतं. ती पद्धत मला अजूनही सगळ्यात चांगली वाटते, आणि ती मोडायला नको होती.

ट्रायल म्हणजे पूर्ण खेळ, पण घड्याळ लावून. प्लेस्टेशन प्लसच्या भारतातल्या डीलक्स योजनेत अशा ट्रायल मिळतात. ईए कंपनीच्या ईए प्ले या पैसे भरायच्या योजनेत काही नव्या खेळांची १० तासांपर्यंतची ट्रायल असते. इथे डाउनलोड पूर्ण खेळाएवढं मोठं असतं, म्हणून वरचा हिशेब आधी करा. जेवायला हाक आली की खेळ पॉज करून उठू नका, पूर्ण बंद करून उठा, नाहीतर घड्याळ तुमच्या भातावर चालू राहायचं. आणि योजना घेतल्याच्या दिवशीच ऑटो रिन्यू बंद करून टाका.

तिसरे फ्री टू प्ले खेळ, म्हणजे फोर्टनाइट किंवा २०२० पासून फुकट झालेला रॉकेट लीग. हे डेमो नव्हेत. खेळ पूर्ण मिळतो, पैसे आतल्या वस्तूंवर जातात. मुलांच्या हाती देण्याआधी खात्यातून कार्ड काढा, खरेदीला पासवर्ड लावा आणि मुलांना त्यांचं वेगळं चाइल्ड अकाउंट करून द्या. वयाचा आकडाही बघा. युरोपच्या पेगी पद्धतीत ३, ७, १२, १६ आणि १८ असे आकडे असतात, आणि १८ चा खेळ अकरा वर्षांच्या भाचीसमोर डेमोपुरताही लावू नये.

डेमो लावल्यावर काय बघायचं

इथे घाई करू नका. बहुतेक लोक दहा मिनिटं मारामारी करतात, ‘भारी आहे’ म्हणतात आणि विकत घेतात. मी सांगतो ते क्रमाने बघा.

आधी नेहमीच्या जागी बसा. मुलं डेमो टीव्हीला नाक लावून खेळतात, पण खेळ घरी आल्यावर तुम्ही खाटेवरून, आठ-दहा फुटांवरून खेळणार. तिथून अक्षरं वाचता येतात का? खूप नव्या खेळांत लिखाण बारीक असतं. सेटिंग्जमध्ये अक्षर आणि सबटायटल मोठं करता येतं का ते तिथेच तपासा. मोठ्या खेळांत मराठी सहसा नसतेच, तेव्हा मुलाला एवढं इंग्रजी वाचून खेळता येतंय का, की दर दोन मिनिटांनी ‘मामा, काय लिहिलंय?’ होतंय, हेही डेमोतच कळतं.

मग डोकं. पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या खेळांत काहींना होडीत बसल्यासारखं मळमळतं. माझ्या भाचीला वीस मिनिटांत होतं. कॅमेऱ्याचा वेग आणि हलणं कमी करून, फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याची रुंदी, वाढवून बघा. तरीही त्रास झाला तर तो खेळ त्या माणसासाठी घेऊ नका, सवयीने जाईल म्हणून तर नाहीच.

दोघांनी एकाच सोफ्यावर खेळायचं असेल तर दुसरा कंट्रोलर खरोखर जोडून बघा. पानावर ‘मल्टिप्लेअर’ लिहिलेलं असलं तरी ते पुष्कळदा फक्त ऑनलाइन असतं. सुट्टीत चार भावंडं जमणार असतील तर ही एकच गोष्ट खेळ घ्यायचा की नाही ते ठरवते.

आणि घरातल्या ज्याने कधी कंट्रोलर हातात धरलेला नाही, त्याच्या हाती एकदा द्या. प्लेस्टेशन ५ मध्ये ॲस्ट्रोज प्लेरूम हा छोट्या रोबोचा खेळ आधीपासून फुकट येतो, सुरुवात त्यानेच करावी. त्यात वाळूवरून चालताना कंट्रोलर एका प्रकारे थरथरतो, बर्फावरून वेगळ्या. आमची आई अडुसष्ट वर्षांची, सगळा जन्म किनाऱ्यावर गेलेला. तिने दोन्ही अंगठे ताठ धरून त्या छोट्या रोबोला वाळूवरून चार पावलं नेलं, थांबली, पुन्हा मागे नेलं. ‘ह्यां हातात कळता रे!’ म्हणाली, आणि भाच्याला अर्धा तास कंट्रोलर मिळाला नाही. तोवर आम्ही तिच्यासाठी काही घ्यायचा विचारही केला नव्हता. त्यानंतर आम्ही डेमो शोधताना तिच्यासाठीही शोधायला लागलो.

पुढे न्यायचं की पुसायचं

काही डेमोंतली प्रगती पूर्ण खेळात नेता येते. फायनल फँटसी १६ चा डेमो असा आहे. निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवरच्या ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलरचा तीन तासांचा डेमोही तसाच. ड्रॅगन क्वेस्ट ११ एसचा तर कित्येक तास चालतो, एका पावसाळी आठवड्याला पुरेल एवढा. अशा डेमोचा सेव्ह, म्हणजे साठवलेली प्रगती, पुसू नका. बाकीचे मात्र पसंत नसतील त्याच दिवशी काढा. एक्सबॉक्स सिरीज एसवर ५१२ पैकी ३६४ जीबीच वापरता येतात, पहिल्या प्लेस्टेशन ५ वर ८२५ पैकी ६६७. प्लेस्टेशन ५ चे खेळ बाहेरच्या यूएसबी डिस्कवर नुसते ठेवता येतात, तिथून खेळता येत नाहीत. प्लेस्टेशन ४ चे खेळता येतात.

गणपतीसाठी डेमो हवे असतील तर चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात लावून ठेवा, कन्सोलचा सिस्टीम अपडेटही तेव्हाच. चाकरमानी आले की घरातल्या एकाच वायफायवर पंधरा-वीस फोन चढतात, आणि मग १० जीबीचा डेमो विसर्जनापर्यंत येत नाही.