पहिलं फ्लाइंग हेल्मेट घरी आणण्यापूर्वी

जुनी फ्लाइंग हेल्मेटं, म्हणजे वैमानिकांच्या चामडी किंवा कापडी टोप्या, जमवायची असतील तर आधी कपाट तयार करा, मग हेल्मेट आणा. माझं पहिलं हेल्मेट, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश ‘सी टाइप’, मे महिन्यात आलं आणि मी ते हौसेने खुंटीला टांगलं. गणपती येईपर्यंत आतल्या शॅमॉयच्या, म्हणजे मऊ कमावलेल्या कातड्याच्या, अस्तरावर पांढरी बुरशी पसरली होती. सगळं वजन एका जागी पडून टाळूवरची शिवणही उसवली. ती शिवण पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही, याची हळहळ अजून वाटते. म्हणून विशेषतः मुंबई-कोकणातल्यांनी बंद दाराचं कपाट, एक छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेलच्या पिशव्या पावसाळ्याआधीच आणून ठेवाव्यात. काटा ५० टक्क्यांच्या आसपास राहिलेला बरा. ६५च्या वर गेला की बुरशी धरते. हेल्मेटमध्ये आम्लमुक्त कागदाचे बोळे भरून ठेवा, म्हणजे ते चपटं होत नाही. वर्तमानपत्र भरू नका, आणि डांबराच्या गोळ्या तर मुळीच टाकू नका. त्यांच्या वाफेने प्लॅस्टिकचे भाग खराब होतात.

कपाट झालं की अभ्यास. जग धुंडाळण्यापेक्षा एकच हवाई दल धरा. मी ब्रिटिश रॉयल एअर फोर्स धरलं. इथे सन पाठ असले की फसगत निम्मी टळते. ‘ब्रिटनच्या लढाईतला सेट’ म्हणून सी टाइप हेल्मेट आणि मार्क ८ गॉगल एकत्र दाखवले जातात. ती ब्रिटिश-जर्मन हवाई लढाई १९४० सालच्या उन्हाळ्यातली. तेव्हा डोक्यावर ‘बी टाइप’ असायचं, ज्याच्या कानांवर चेन लावलेले फुगीर कप्पे असतात. सी टाइप १९४१चं, मार्क ८ गॉगल १९४३चे. माल खरा असेलही, पण सांगितलेली गोष्ट खोटी आहे, आणि जास्तीची किंमत त्या गोष्टीचीच लावलेली असते. आपल्याकडे लक्ष ठेवावं ते ‘डी टाइप’वर. हे सुती कापडाचं, उष्ण प्रदेशासाठी केलेलं, मानेवर उन्हापासून आडोशाला कापडी झालर असलेलं. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेल्यांच्या डोक्यावर ते होतं. चामड्याइतकं ते देखणं नाही, म्हणून लोक सोडून देतात. मला ते सगळ्यात जवळचं वाटतं.

चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जाताना खिशात भिंग, मापाची टेप, मऊ कुंचला आणि अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी असू द्या. बॅटरी शिवणीवर धरा. दोरा निळसर पांढरा चमकला तर तो बहुधा नव्या जमान्यातला. मात्र जुनी वस्तू आजच्या डिटर्जंटने धुतली असेल तरी ती चमकते, त्यामुळे एवढ्यावरच निकाल देऊ नका. नाकाचा उपयोग करा. बूटपॉलिशचा वास आला तर कोणीतरी चामडं जुनं ‘केलेलं’ असतं. टिचबटणांभोवती हिरवा कळंक दिसला तर घाबरू नका, चामड्यातल्या तेलाचा पितळेशी जुना सहवास असला की तो येतोच. आत राजमुकुटाच्या शिक्क्याखाली ‘ए एम’ ही अक्षरं, म्हणजे एअर मिनिस्ट्री (ब्रिटिश सरकारचं हवाई खातं), आणि २२सी ने सुरू होणारा साठा क्रमांक शोधा.

गॉगल उजेडासमोर धरून पाहा. दोन काचांमध्ये पातळ पडदा चिकटवलेली काच असेल तर कडेने पिवळेपणा आत सरकत आलेला दिसतो, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. ती काच बदलू नका. हेल्मेटच्या कानांवरचं रबर कडक झालं असेल तर वाकवून बघू नका, तडकतं.

पहिल्या महायुद्धातली वस्तू समोर आली तर तयारी वेगळी. तेव्हाच्या फिरत्या इंजिनांत वंगण म्हणून एरंडेल घालत आणि ते उडून वैमानिकाच्या तोंडावर, काचांवर बसे. त्यामुळे त्या गॉगलांच्या शिवणींतला काळपट चिकटा मळ समजून पुसू नका. भारतीय वैमानिक हरदित सिंग मलिक १९१७ साली सॉपविथ कॅमल हे ब्रिटिश लढाऊ विमान उडवत, ते पगडीवर बसेल असं खास मोठं हेल्मेट घालून. तेव्हा एखाद्या हेल्मेटचं माप विचित्र वाटलं तरी ते तसंच नोंदवा. शिवाय भारतात शंभर वर्षांपूर्वीची वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या मित्राला ‘देईन’ म्हणण्याआधी हे तपासा.

एक वही करा. कुणाकडून, कधी, किती रुपयांना, आणि विकणाऱ्याने काय सांगितलं हे त्याच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहा. फोटो आतून-बाहेरून काढा, लेबलाचा जवळून.

नवी वस्तू लगेच जुन्यांत ठेवू नका. पांढऱ्या कागदावर मांडून, झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस वेगळी राहू द्या. कागदावर पिठासारखा भुगा पडला, तर आत कीड आहे. कपाटाचं दार तोवर बंदच ठेवा.