दातांच्या दवाखान्यात पहिल्यांदा जाताना आधी माणसं ओळखून घ्या

मी चौदा वर्षं दातांच्या दवाखान्यात काम करतेय. आधी काउंटरवर फोन घ्यायचे, आता डॉक्टरांच्या शेजारी असिस्टंट म्हणून बसते. खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेली माणसं रोज पाहते. पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला मला मनापासून सांगावंसं वाटतं की येण्याआधी आमची ओळख करून घ्या. आपल्या तोंडात कोण हात घालणार, हे माहीत असलं की बराचसा घोर तिथेच कमी होतो.

दवाखान्याची वेबसाइट असेल तर डॉक्टरांची पदवी आणि विशेष शिक्षण कशात झालंय ते पाहा. फोटो हसरे असतातच, त्यावरून फारसं काही कळत नाही. रूट कॅनालसाठी एंडोडॉन्टिस्ट, दात सरळ करायला ऑर्थोडॉन्टिस्ट, हिरड्यांसाठी पेरिओडॉन्टिस्ट, अडकलेली अक्कलदाढ काढायला ओरल सर्जन असे वेगवेगळे तज्ज्ञ असतात. साधी रूट कॅनाल नेहमीचे डॉक्टरही उत्तम करतात. पण फोनवर सरळ विचारा: "हे काम तुमच्याकडे कोण करतं? ते रोज असतात की ठरावीक दिवशी येतात?" नीट चालणाऱ्या दवाखान्यात या प्रश्नाचा कुणाला राग येत नाही.

दात साफ करायला काही ठिकाणी डेंटल हायजिनिस्ट असतात, काही ठिकाणी डॉक्टर स्वतःच करतात. हे वेगळं काम सुरू झालं ते 1906 साली, अमेरिकेत डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी आपल्या असिस्टंट आयरीन न्यूमन यांना शिकवून तयार केलं तेव्हा. तुमच्याकडे हायजिनिस्ट आल्या तर डॉक्टर टाळतायत असं समजू नका. त्या याच कामाचं शिक्षण घेऊन आलेल्या असतात.

आता फोन उचलणाऱ्या माणसाबद्दल. वेळ देण्यापुरतंच त्यांच्याशी बोलायचं असं बहुतेकांना वाटतं, पण तुमची माहिती आत पोचते ती त्यांच्यामार्फत. काउंटरवर असताना माझ्याकडून एकदा चूक झाली होती. एका आजींनी फोनवर बोलता बोलता सांगितलं होतं की हाडं ठिसूळ झालीत म्हणून वर्षातून एकदा इंजेक्शन घेते. मी ते लिहून ठेवलं नाही. त्या दाढ काढायला आल्या आणि भूल द्यायच्या आधी डॉक्टरांनी पुन्हा विचारलं म्हणून कळलं. त्यातल्या काही औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड नीट भरून येत नाही, असा धोका असतो. तो कमी असला तरी डॉक्टरांना आधी विचार करावा लागतो. दाढ त्या दिवशी निघाली नाही, आजी ठणका घेऊन तशाच परत गेल्या. मला ते अजून लागून राहिलंय.

म्हणून फोनवर सांगा आणि "लिहून घेतलंत ना?" असंही विचारा. रक्त पातळ करायची गोळी, मधुमेह, हृदयाची झडप बदललेली असणं, गरोदरपण, पेनिसिलिनची किंवा रबरी हातमोज्यांची अ‍ॅलर्जी, सगळं सांगा. रक्त पातळ करायची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करून येऊ नका. मागे कधी भुलेच्या इंजेक्शननंतर छातीत धडधडलं असेल तर तेही सांगा. भुलेच्या औषधात बऱ्याचदा थोडं अ‍ॅड्रेनलिन असतं आणि त्याने काहींना थोडा वेळ धडधडतं. आधी कळलं तर डॉक्टर औषध त्याप्रमाणे निवडू शकतात.

आणि भीती वाटत असेल तर तीही सांगा, याच फोनवर. आम्ही अशा पेशंटला सकाळची पहिली वेळ देतो, म्हणजे बाहेर ताटकळत बसून मशीनचा आवाज ऐकावा लागत नाही.

आत आलात की डॉक्टर बहुधा तुमच्या उजवीकडे असतील आणि असिस्टंट डावीकडे, हातात तोंडातलं पाणी-थुंकी ओढून घेणारी सक्शनची नळी घेऊन. डॉक्टरांची नजर दाढेवर असते, माझी तुमच्या हातांवर आणि कपाळावर. काम सुरू व्हायच्या आधीच ठरवून घ्या की डावा हात वर केला की थांबायचं. उजवा हात डॉक्टरांच्या हातातल्या हत्याराला लागू शकतो.

हिरड्या तपासताना डॉक्टर "तीन, दोन, तीन" असे आकडे म्हणतात आणि मी ते लिहून घेते. ऐकून माणसं फार घाबरतात. ती दात आणि हिरडीमधली खोली असते, मिलिमीटरमध्ये. तीनपर्यंत ठीक, चार आणि पुढे लक्ष द्यायला हवं. "छत्तीस" ऐकू आलं तर तो दाताचा नंबर: खालच्या जबड्यात डावीकडची पहिली मोठी दाढ.

हत्यारांची पाकिटं तुमच्यासमोर फोडायला सांगा. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे हत्यारं वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, 134 अंश सेल्सिअसला किमान 3 मिनिटं वाफेत राहिलं की पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला असतो. पाकीट उष्णतेतून गेलंय एवढं त्यावरून कळतं. बाकीच्या तपासण्या कशा करता, हेही विचारायला हरकत नाही, आम्ही दाखवतो.

लहान मुलाला आणताना "दुखणार नाही" असं घरी सांगू नका. दुखणं हा शब्दच त्याच्या डोक्यात राहतो. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं ही आमची पद्धत आहे. हवेचा फवारा मी आधी त्याच्या नखावर सोडते.

ही पद्धत मोठ्यांनाही चालते. एका गृहस्थांनी फोनवर विचारलं, "आधी नुसतं बघायला येऊ का?" ते आले, खुर्ची खाली-वर करून पाहिली, सक्शनची नळी स्वतःच्या तळहातावर लावून तिची ओढ किती असते ते पाहिलं आणि घरी गेले. दोन आठवड्यांनी दाढ भरायला आले, तेव्हा त्यांनी दोनदा हात वर केला आणि दोन्ही वेळा डॉक्टर थांबले. असं बघायला यायचं असेल तर फोन करून कमी गर्दीची वेळ मागून घ्या, म्हणजे आम्हालाही तुमच्याशी निवांत बोलता येतं.