गाडीनं काय ओढलं, ते आधी विचारा

आयटीआयचा डिझेल मेकॅनिक ट्रेड करून कराडच्या एका गॅरेजात लागलो, त्याला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. तेवढ्यात माझी कॉलर ताठ झाली होती. भावकीतले अण्णा जुनी पिकअप घ्यायला निघाले आणि मला बरोबर घेऊन गेले. मीटरवर ९० हजार किलोमीटर. थंड इंजिन पहिल्या सेल्फला उचललं. ऑइलचं झाकण काढलं तर धूर नाही, कूलंटमध्ये तेलाचा टिपूस नाही. "घ्या अण्णा, डोळे झाकून घ्या," मी म्हणालो. मागच्या बंपरखाली ग्राइंडर मारल्याची खूण होती आणि तिच्यावर ताजा काळा रंग. ती मला दिसली होती, पण तिचा अर्थ लागला नाही.

चार महिन्यांत मागचं हाउसिंग, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरची पेटी, गायला लागलं. उघडलं तर आतल्या क्राउन-पिनियन या दोन दातेरी चाकांचे दात खाल्लेले, गिअर ऑइलमध्ये चांदीसारखी चकाकणारी लोखंडाची कचकच. पाठोपाठ क्लच गेला. आमचे मिस्त्री गाडीखाली सरकले, त्या खुणेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हितं हुक होता, कापून टाकलाय. आरं, इंजिन बघितलंस, मागचं कुणी बघायचं?"

चौकशी केली तेव्हा कळलं, गाडी आधी स्लॅबच्या ठेकेदाराकडं होती. रोज काँक्रीटचा मिक्सर ओढून न्यायची. म्हणजे त्या ९० हजारांतले बरेचसे किलोमीटर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधले, खडीच्या आणि चढाच्या रस्त्यावरचे. आता साधा हिशोब करा. ताशी ४५ च्या सरासरीनं ९० हजार किलोमीटर म्हणजे २ हजार तास. ताशी २० नं तेच अंतर काटायला साडेचार हजार तास. मीटर दोघींचं सारखं, पण एक गाडी दुसरीपेक्षा दुपटीनं जास्त राबलेली. या धंद्यात नवे येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी हा हिशोब करायला लावतो.

पाठीवरचं वजन आणि मागं ओढलेलं वजन यांत फरक आहे, आणि तो मला पुस्तकातून कधी नीट समजला नव्हता. हौद्यात दीड टन कांदा भरला की पाटे बसतात, टायर फुगवटा दाखवतात, मालकाला डोळ्यांनी दिसतं की गाडी भरली आहे. मिक्सर मागं जोडला की पाटे हलतसुद्धा नाहीत, म्हणून त्याला वाटतं वजन नाहीच. पण प्रत्येक वेळी गाडी जागची उठवताना ते वजन क्लचप्लेट, गिअरबॉक्स, क्रॉस (मागं जाणाऱ्या शाफ्टचा सांधा) आणि क्राउन-पिनियन यांच्याच अंगावर येतं. मिक्सरला स्वतःचा ब्रेक नसतो. म्हणजे थांबवायचं कामही पिकअपच्याच ब्रेक-लाइनरनं करायचं. त्यात हुकावर मिक्सरच्या पुढच्या टोकाचं, नाकाचं, वजन बरोबर आलं नाही तर मागचं धूड रस्त्यावर नाचतं. ज्या अमेरिकेत पिकअपनं ट्रेलर ओढणं रोजचं आहे, तिथं साध्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकावर यावा असा दंडक आहे. आपल्याकडं तोल बघायचा असतो हेच पुष्कळांना माहीत नसतं. वेल्डरकडं जायचं, लोखंडाचा तुकडा चिकटवायचा, झालं.

त्यामुळं जुनी पिकअप बघायला गेलात तर बॉनेट सगळ्यात शेवटी उघडा. आधी पाठीमागं उकिडवे बसा. हुक आहे का, होता का, तिथल्या आडव्या चॅनलला वेल्डिंगच्या कडेनं बारीक चीर आहे का. मग हाउसिंगचं ऑइल थोडं सोडून बोटांच्या चिमटीत घासा. बारीक काळसर लगदा चालतो, कचकच लागली तर हात जोडून परत या. प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून हाउसिंगपर्यंतचा दांडा, हातानं पिळून बघा, क्रॉसला खेळ असला तर लगेच कळतो. नंतर चढावर तिसऱ्या गिअरला टाकून अ‍ॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढतोय आणि गाडीला ओढ नाही, तर क्लच घसरतोय.

इंजिनाबद्दल बोलायचं तर आपल्या भागाला एक मोठी सोय आहे. कमिन्स या इंजिनं बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचा मोठा प्रकल्प सातारा जिल्ह्यातच, फलटणला आहे. याच कंपनीचं ५.९ लिटरचं, एका ओळीत सहा सिलिंडरचं बी सीरिज इंजिन अमेरिकेत १९८९ च्या मॉडेलपासून डॉजच्या पिकअपला बसवलं गेलं आणि ट्रेलर ओढणाऱ्यांत त्याचं नाव झालं. हे इंजिन मुळात गाडीपेक्षा कामाची यंत्रं आणि शेतीची अवजारं डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं. आपल्याकडं टाटाच्या कमिन्सवाल्या जुन्या ट्रकांत हेच घराणं आहे, तेव्हा ज्याला शिकायचंय त्यानं असा एखादा ट्रक खोलताना हात काळे करून घ्यावेत. डॉजमधल्या त्या १९८९ च्या इंजिनाची ताकद होती फक्त १६० अश्वशक्ती. म्हणजे लिटरमागे २७. आपल्या अडीच लिटरच्या बोलेरो पिकअपला साधारण ७५ अश्वशक्ती धरा, लिटरमागे ३०. दोन्ही इंजिनं आपल्या मापापेक्षा कमीच राबतात, माझ्या मते त्यांच्या टिकाऊपणाचं अर्धं गुपित तेच. २०१९ मध्ये त्याच कंपनीच्या ६.७ लिटरच्या इंजिनातून ४०० अश्वशक्ती काढली गेली, लिटरमागे ६०. ताकद अफाट, पण तिच्याबरोबर उष्णता, दाब आणि सेन्सरही आले. जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. नव्याला चुका चालत नाहीत, एवढंच.

चुका बघायच्या तर कुंभार्ली घाटात जा. कराडहून पाटण, कोयनानगर करत चिपळूणला भाजी घेऊन उतरणाऱ्या गाड्यांचे लाइनर मी सगळ्यात जास्त बदललेत. डिझेल वाचवायला लोक न्यूट्रलवर उतरतात. वाचलेल्या डिझेलचे पैसे लाइनर आणि ड्रमला जातात, ते सुद्धा नशीब बरं असलं तर. ज्या गिअरला चढता त्याच गिअरला उतरायचं, ब्रेक मधूनमधून दाबायचा आणि सोडायचा. आणि चढून आल्यावर घाटमाथ्यावर चहाला थांबलात तर गाडी लगेच बंद करू नका. टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा, तापून लाल झालेला असतो. इंजिन बंद झालं की त्याच्या बेअरिंगचं ऑइल फिरायचं थांबतं आणि जागेवरच जळून कोळसा होतं. चहा सांगून येईपर्यंत दोन मिनिटं गाडी चालू राहिली तरी भागतं.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांचं दुखणं वेगळं. धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. ती काजळी जळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो. मिक्सर घेऊन दोन किलोमीटर जायचं, बंद करायचं, असं महिनाभर केलं की डॅशबोर्डवर दिवा लागतो. मी मालकाला सांगतो, रिकामी गाडी हायवेला घालून साताऱ्यापर्यंत जाऊन या. पन्नासेक किलोमीटरच्या एका दमाच्या धावेत बऱ्याचदा काम होतं. डीपीएफ कापून टाकायला सांगणारे रोज येतात. ते बेकायदा आहे, मी करत नाही. गिऱ्हाईक रुसून जातं, बहुतेक वेळा परतही येतं.

या कामात यायचं असेल तर दहावीनंतर डिझेल मेकॅनिकचा ट्रेड एक वर्षाचा आहे, मोटर मेकॅनिक व्हेईकलचा दोन वर्षांचा. जमलं तर दोन वर्षांचा घ्या. नंतर अप्रेंटिसशिप चुकवू नका, स्टायपेंड कमी वाटला तरी. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारा स्कॅनर शिका, आता त्याशिवाय पान हलत नाही. पण स्कॅनर हाउसिंगमधली कचकच सांगत नाही आणि कापलेला हुकही दाखवत नाही. माझ्याकडं येणाऱ्या पोरांना मी पहिला महिना टायर काढणं, हब धुणं आणि बेअरिंगला ग्रीस भरणं एवढंच देतो. निम्मी पोरं कंटाळून निघून जातात.

अण्णांच्या गाडीला नवं हाउसिंग बसवून तीन वर्षं झाली. त्या खर्चातला निम्मा भाग मी माझ्या पगारातून फेडला, त्यांनी मागितला नव्हता. परवा गॅरेजवर आले आणि विचारलं, "हुक परत लावून देतोस का?"

"काय ओढायचंय?"

"पावण्यांनी मिक्सर घेतलाय."