सोशल वर्कमध्ये थिअरी, एथिक्स आणि रिफ्लेक्शन जोडताना या चुका टाळा

सोशल वर्कच्या विद्यार्थ्यांचे फील्डवर्कचे रिपोर्ट बघा, बहुतेकांचा साचा एकच. आधी चार पानं भेटीचं वर्णन, मग एक पॅरा 'वापरलेली थिअरी', एक पॅरा 'नैतिक मूल्ये' आणि शेवटी 'खूप काही शिकायला मिळालं'. सुपरव्हायझर विचारतात या सगळ्यातली लिंक कुठे आहे, की लगेच आणखी दोन थिअऱ्या घुसवल्या जातात. त्याने काही होत नाही. लिंक असते ती तुम्ही घेतलेल्या निर्णयात, म्हणजे भेटीत एक करता आलं असतं पण तुम्ही दुसरं केलंत, तो क्षण आधी शोधा आणि बाकीचं त्याच्याभोवती लिहा.

एक उदाहरण धरू. १४ वर्षांची मुलगी, शाळेत यायची बंद झालीये, घरी धाकट्या भावाला सांभाळते, आई नाइट शिफ्टला जाते.

थिअरी मागाहून चिकटवणं

सगळ्यात कॉमन चूक ही. चेक करायला सोपं आहे, रिपोर्टमधून थिअरीचं नाव खोडा आणि बघा काही बदलतंय का. नाही बदललं तर ती नुसती सजावट. थिअरीने तुमचा पुढचा प्रश्न बदलायला हवा. बोल्बीची अटॅचमेंट थिअरी (मुलाचं जवळच्या माणसाशी जुळणारं नातं) घेतली तर तुम्ही आई-मुलीच्या नात्याबद्दल विचाराल, ब्रॉनफेनब्रेनरची इकॉलॉजिकल मांडणी (माणसाभोवतीचं घर, शाळा, काम असं सगळं बघणारी) घेतली तर आईच्या शिफ्टचं टाइमिंग, भावाला दुसरं कोण सांभाळू शकतं, शाळा काही सवलत देते का हे विचाराल, आणि फेमिनिस्ट बाजूने बघितलं तर घरात मोठा भाऊ असेल तर शाळा हिचीच का सुटली हा प्रश्न येणारच. आणि प्रत्येक थिअरी काहीतरी झाकते पण, नुसत्या अटॅचमेंटवर राहिलात तर आईच्या पगाराचा विषय निघतच नाही. म्हणून भेटीच्या आधीच दोन थिअऱ्या घ्या, प्रत्येकीचे दोन-तीन प्रश्न वहीत लिहून न्या.

आणि मुलगी स्वतः काय कारण सांगते तेही लिहा. तिचं म्हणणं हीसुद्धा एक मांडणीच आहे, ती 'क्लायंटची माहिती' या रकान्यात टाकून मोकळं होऊ नका.

एथिक्स म्हणजे 'गोपनीयता पाळली' एवढंच

क्लायंटशी नातं कसं असावं याची बिस्टेकची १९५७ ची सात तत्त्वं सगळ्यांना पाठ असतात, गोपनीयता त्यातलंच एक. अडतं कुठे, तर दोन तत्त्वं एकमेकांच्या आड आली की. समजा ती मुलगी म्हणाली, 'काका मारतात, पण आईला सांगू नका.' इथे घाईघाईत 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊन बसतात लोक, आणि ते पाळता येणारं नसतंच. गोपनीयतेची मर्यादा पहिल्याच भेटीत, मुलीला कळेल अशा साध्या शब्दांत सांगायची असते, की कुणाला इजा होत असेल तर मला ते सांगावं लागेल.

वचन देऊन झालं असेल तर? त्याच दिवशी सुपरव्हायझरशी बोला, मूल-संरक्षणाचे जे नियम तुम्हाला लागू आहेत ते बघा, आणि मुलीला अंधारात ठेवू नका. काय सांगावं लागणार, कुणाला, आणि ते कसं सांगितलं तर तिला बरं वाटेल, हे तिलाच विचारा. लोवेनबर्ग आणि डॉल्गॉफ यांनी नैतिक तत्त्वांची उतरंड, म्हणजे आड आली की कोणतं आधी याचा क्रम, लावलीये त्यात जीवाचं रक्षण पहिलं आणि गोपनीयता सहावी, निर्णयाला या उतरंडीचा आधार नक्की होतो. पण रिपोर्टमध्ये उतरंडीचा नंबर टाकला म्हणजे झालं असं नाही, त्या निर्णयात काय गमावलं, उदाहरणार्थ मुलीचा विश्वास, तेही लिहायला हवं.

रिफ्लेक्शनची डायरी होणं

रिफ्लेक्शन, म्हणजे आपल्या अनुभवाकडे मागे वळून बघणं, त्यासाठीच्या गिब्जच्या १९८८ च्या सायकलमध्ये सहा पायऱ्या आहेत, बहुतेक जण दुसरीवरच थांबतात, म्हणजे 'मला वाईट वाटलं'. वाटलं ते लिहा, काही हरकत नाही. पण क्रिटिकल रिफ्लेक्शनमध्ये सत्तेचा प्रश्न येतो, कोण ठरवतंय आणि फाइल कोणाच्या हातात आहे. रिपोर्टमध्ये 'आई सहकार्य करत नाही' असं असतं, आणि भेट झालेली असते सकाळी ११ ला, बाई रात्रभर काम करून नुकत्याच झोपलेल्या. वेळ कुणी ठरवली? वर्करने. आता बघा, शिफ्टकडे बघा असं थिअरी सांगतच होती, माणसाचा मान राखा असं एथिक्स सांगत होतं, आणि तरी तो शेरा फाइलमध्ये गेला, जो पुढचा वर्कर वाचून आधीच मत बनवून येणार. तिन्ही गोष्टी या एका वाक्यात सापडतात, वेगळे पॅरे लागत नाहीत.

आर्गिरिस आणि शॉन यांनी १९७४ मध्ये हाच फरक मांडला, आपण सांगतो ती थिअरी वेगळी आणि वागण्यात उतरते ती वेगळी. रिपोर्टवर 'स्ट्रेंथ्स बेस्ड', म्हणजे माणसाच्या बळावर भर देणारं काम, असं लिहायचं आणि पहिले पाचही प्रश्न काय कमी आहे याचेच विचारायचे, हे सर्रास चालतं.

याचं उलटं टोकही असतं, अख्खं पानभर 'मी किती प्रिव्हिलेज्ड', आणि त्यात मुलगी कुठेच नाही.

बाकी अडचणी पटकन

वेळ नाही? भेटीनंतर दहा मिनिटं, तीन प्रश्न: काय झालं, त्याचा अर्थ काय, आता काय. मोबाइलच्या नोट्समध्ये नाव-पत्ता टाकू नका.

संस्थेचा नियमच चुकीचा वाटतोय? गुपचूप मोडू नका आणि गुपचूप पाळूही नका, सुपरव्हिजनमध्ये मांडा आणि मांडल्याची नोंद ठेवा.

'आता काय' मध्ये 'मी अधिक संवेदनशील राहीन' लिहिलं असेल तर खोडा, कारण ते झालं की नाही हे कुणालाच तपासता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: पुढची भेट आईला विचारून तिच्या सोयीच्या वेळी, फाइलमधला शेरा दुरुस्त करणार, आणि शाळेशी बोलायच्या आधी मुलीची परवानगी घेणार.