चालू प्रोग्रॅममधील बदलाचा अंदाज देण्यापूर्वीची तयारी

कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर वर्षानुवर्षे चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘ओलाव्याची कपात तेवढी टाकून द्या’ असे मालक सांगतात, तेव्हा दिवसांचा आकडा तिथल्या तिथे देऊ नये. आधी मागणी पूर्ण वाक्यांत लिहून घ्यावी. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण हमीभाव, 8 ते 12 टक्क्यांना प्रमाणात कपात आणि त्यापुढे खरेदी नाही, असा नियम आहे. परंतु खासगी खरेदीलाही तोच लावायचा का, कपात वजनात दाखवायची की भावात, आणि परत पाठवलेल्या गाडीची काटापावती काढायची का, हे मालक, काटेवाला आणि मुनीम यांना वेगवेगळे विचारावे. तिघांची उत्तरे सहसा जुळत नाहीत.

हातातला सोर्स कोड आज तिथे चालणाऱ्या प्रोग्रॅमचाच आहे, याची खात्री करावी. तो कंपाइल करून काढलेली पावती चालू पावतीशी जुळली नाही, तर अंदाज पुढे ढकलावा. शेतकऱ्यांची नावे कृतिदेव या जुन्या फॉंटच्या सांकेतिक रूपात साठवलेली असतील, तर ती युनिकोडमध्ये बदलण्याचे काम याच बदलात घुसू देऊ नये; त्याचा हिशेब वेगळा धरावा.

आता बदलायच्या फंक्शनमधील, म्हणजे कपातीचा हिशेब करणाऱ्या कोडच्या तुकड्यातील, ‘असे असेल तर’ अशा अटी मोजाव्यात. संगणकतज्ज्ञ थॉमस मॅककेब यांनी 1976 मध्ये मांडलेल्या, कोडची गुंतागुंत मोजणाऱ्या मापानुसार अटींच्या संख्येत एक मिळवला की स्वतंत्र वाटांची संख्या मिळते, आणि ती 10 च्या आत असावी असे त्यांनी सुचवले. हमाली, तोलाई आणि उचल अशा तीन अटींच्या हिशेबात 8 आणि 12 टक्क्यांच्या दोन अटी वाढल्या की हे माप 4 वरून 6 वर जाते. म्हणजे फंक्शन अजून आटोक्यात आहे.

खरा वेळ मात्र फंक्शनच्या बाहेर जातो. ‘निव्वळ रक्कम’ हा रकाना पावती, रोजमेळ, शेतकऱ्याचे खाते आणि बाजार समितीचा तक्ता यांपैकी कुठे कुठे वाचला जातो, हे संपूर्ण कोडमध्ये शोधून लिहून काढावे. बॅरी बोहम यांच्या 1981 च्या कोकोमो या सॉफ्टवेअरच्या कामाचा अंदाज काढण्याच्या पद्धतीत जुन्या कोडच्या बदलासाठी रचनेला 40, कोडला 30 आणि पुन्हा जोडून तपासण्याला 30 टक्के भार दिला आहे. रचना 10, कोड 5 आणि जोडणी 60 टक्के बदलत असेल, तर या भारांनी गुणून बेरीज 23.5 टक्के येते; 10,000 ओळींच्या प्रोग्रॅममध्ये हे 2,350 नव्या ओळी लिहिण्याइतके काम झाले. कोड दुसऱ्याने लिहिलेला आणि टिपांविना असेल, तर तो समजून घेण्याचा वेळ यावर वाढवावा.

चाचणीसाठी मागील हंगामातील पावत्या मागून घ्याव्यात. त्यांत 8 आणि 12 टक्क्यांच्या अगदी काठावरच्या गाड्या हव्यातच. अंदाज कमीत कमी, बहुधा आणि जास्तीत जास्त अशा तीन आकड्यांत, गृहीतकांसह लेखी द्यावा आणि जास्तीत जास्त दिवस धरूनही काम दसऱ्यापूर्वी बसत नसेल, तर आवक ओसरल्यानंतरची तारीख त्याच कागदावर लिहावी.